प्लेगच्या सालचे क्रूस

वांद्र्याच्या रणवार, वरोडा, पाली, शेर्ली, राजन, कांतवाडी या जुन्या गावठाणांतून हिंडणाऱ्याला दर दोन वळणांवर एक क्रूस भेटतो. कुठे घराच्या कुंपणाला टेकलेला, कुठे तीन गल्ल्या मिळतात तिथे चौथऱ्यावर उभा, कुठे कौलारू छपराखाली काचेच्या पेटीत. गळ्यात झेंडूचा हार, पायाशी वितळलेल्या मेणाचे थर. रिक्षा त्याला वळसा घालून जातात, शाळेची मुलं त्याच्या पायरीवर बसून वेफर्स खातात. चौथऱ्यावर कोरलेल्या आकड्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ते आकडे ओळीने वाचत गेलं तर एक गोष्ट ध्यानात येते. यातले कितीतरी क्रूस 1896 ते 1906 या दहा वर्षांतले आहेत. एवढ्याशा गावठाणांत एवढ्या कमी काळात इतके क्रूस का उभे राहिले, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: प्लेग.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस एका रुग्णाला तपासायला गेले. सणसणून ताप आणि जांघेत गाठ. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. दाटीवाटीच्या चाळी, तुंबलेली गटारं आणि उंदरांचं राज्य. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. हा गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी निदान केलं आणि ते उघडपणे सांगितलंही. व्यापारी शहराला ही बातमी परवडणारी नव्हती. बंदर बंद पडेल, माल अडकेल, म्हणून सुरुवातीला त्यांच्यावर विश्वास ठेवायलाच कुणी तयार नव्हतं. थोड्याच दिवसांत इतर तज्ज्ञांनीही त्यांचं निदान खरं ठरवलं आणि पुढे मांडवीतल्या मृत्यूंचे आकडेच बोलू लागले.

मग शहर रिकामं होऊ लागलं. त्या वेळी मुंबईची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले सुमारे 3,80,000 लोक शहर सोडून गेले, असा अंदाज सांगितला जातो. बोरीबंदरला गाड्यांसाठी झुंबड, गलबतांवर कोकणात जाणाऱ्यांची गर्दी, गिरण्यांमध्ये माणसांचा तुटवडा. 1901 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 7,76,006 भरली. दहा वर्षांपूर्वी ती 8,21,764 होती.

मागे राहिलेल्यांना रोगाइतकंच सरकारचंही भय होतं. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. तपासणी पथकं घरांत शिरू लागली. आजाऱ्याला इस्पितळात, त्याच्या घरच्यांना छावणीत. सामान जाळायचं, भिंतींना चुना फासायचा, मोऱ्या कार्बोलिक ॲसिडने धुवायच्या, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढायची. ज्या घरात प्लेगचा रुग्ण सापडे त्याच्या दारावर तांबडं वर्तुळ रंगवलं जाई. एका दारावर चार-पाच वर्तुळं असल्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा पसरली होती. 1896 च्या ऑक्टोबरात तर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावरच हल्ला केला.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला पुणे आठवतं: रँडचा जुलूम, चाफेकर बंधू, 22 जून 1897 ची गणेशखिंड, रुग्णांची सेवा करताना मरण पावलेल्या सावित्रीबाई फुले. तो इतिहास पाठ्यपुस्तकांत आला. मुंबईच्या गावठाणांतल्या माणसांनी त्याच साथीला कसं तोंड दिलं, तो इतिहास मात्र रस्त्याच्या कडेला दगडात राहिला.

ही माणसं म्हणजे आज ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात तो समाज. मुंबई, साष्टी आणि वसई भागातले हे मूळ रहिवासी. कुणबी, कोळी, भंडारी अशा जातींतून पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. भातशेती, मासेमारी, ताडी, मिठागरं यांवर त्यांचं पोट. बोली मराठीच, तिच्यात पोर्तुगीज शब्दांची पखरण. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. ही माणसं आपल्या जमिनींवर आणि आपल्या धर्मात राहिली. पुढे इंग्रजी अमलात गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांसाठी आले, तेव्हा आपण वेगळे हे दाखवण्यासाठी त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 26 मे 1887 रोजी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. म्हणजे प्लेग आला तेव्हा या समाजाचं हे नवं नाव जेमतेम नऊ वर्षांचं होतं.

वांदरे तेव्हा मुंबईत नव्हतंच. माहीमची खाडी ओलांडली की ठाणे जिल्हा सुरू होई; वांद्र्याची नगरपालिका वेगळी होती. मुंबईतून पळणारे श्रीमंत लोक मोकळ्या हवेसाठी इकडे येत होते आणि त्यांच्या मागोमाग रोगही आला. नोकरदार स्थलांतरितांना निदान परतायला गाव होतं. कोकणातला गिरणी कामगार रत्नागिरीला गेला, गोव्याचा खलाशी बार्देशात गेला. गावठाणातल्या माणसाचं गाव हेच. त्याची भाताची खाचरं इथे, बापजाद्यांची थडगी इथल्याच चर्चच्या आवारात. तो कुठे जाणार?

अशा वेळी पाखाडीतल्या, म्हणजे गावठाणातल्या एकेका वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून क्रूस उभारायला सुरुवात केली. कुणी साथ चालू असतानाच नवस बोलून उभारला, कुणी वाडी वाचली म्हणून उपकारस्तुतीसाठी. जागा ठरलेली असे: पाखाडीच्या तोंडाशी, रस्ता आत शिरतो तिथे, म्हणजे रोगही ज्या वाटेने येईल त्या वाटेवर. सगळं गाव सांजवेळी तिथे जमे. मेणबत्त्या लागत, जपमाळेची प्रार्थना म्हटली जाई, मग संतांच्या नावांची लांबलचक लादाइन. एकाने नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटायचे. ज्या घरात आजारी असेल त्याची खबर इथेच कळे, कुणाच्या घरी पेज पोचवायची हे इथेच ठरे.

सीमेवर रक्षणकर्ता उभा करण्याची ही रीत या मातीला नवी नव्हती. महाराष्ट्रातल्या गावोगाव वेशीजवळ मरीआईचं ठाणं असतं आणि पटकीची साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या हद्दीपार नेतात. पाखाडीच्या तोंडाशी उभा राहिलेला क्रूस पाहताना या शेजाऱ्यांच्या रिवाजाची आठवण येते. धर्म बदलला तरी गावाला हद्द असते, ती राखावी लागते, ही कुणब्याची आणि कोळ्याची समज बदललेली नव्हती. दुसरीकडे, या क्रुसांमागे युरोपातून आलेली एक मोठी परंपराही होती.

साथीच्या काळात ख्रिस्ती माणूस दोन संतांना हाक मारत आला आहे. पहिले संत सेबॅस्टियन, बाणांनी विंधले गेलेले. रोग अदृश्य बाणांसारखा येतो म्हणून ते साथीचे रक्षक. दुसरे संत रोक, फ्रान्समधल्या माँपेलियेचे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःला प्लेग झाला, ते रानात जाऊन पडले आणि एक कुत्रा त्यांना रोज भाकरी आणून देऊ लागला, अशी कथा आहे. म्हणून त्यांच्या मूर्तीत मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा दिसतो. 1630 च्या प्लेगनंतर व्हेनिस शहराने नवस फेडण्यासाठी सांता मारिया देल्ला सालुते हे भव्य चर्च बांधलं. बव्हेरियातल्या ओबरआमरगाव या खेड्याने 1633 मध्ये नवस केला, की साथ थांबली तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक ठराविक वर्षांनी करत राहू. ते नाटक आजही साधारण दर दहा वर्षांनी होतं. 2020 चा प्रयोग कोविडच्या साथीमुळे 2022 वर गेला. सेबॅस्टियन आणि रोक हे दोघेही पोर्तुगिजांबरोबर साष्टीत आले. आज वांद्र्यात दोघांच्याही नावाचे रस्ते आहेत.

साथीने गाव उठवल्याची आठवणही साष्टीत ताजी होती. अंधेरीला आज जिथे सीप्झची औद्योगिक वसाहत आहे तिथे 1579 मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचं चर्च बांधलं. 1840 च्या सुमारास साथीमुळे गावकरी तिथून उठले आणि मरोळला जाऊन वसले. तिथे नवं चर्च उभं राहिलं. जुनं चर्च ओस पडलं. त्याच्या दगडी भिंती आणि मनोरा आजही कारखान्यांच्या मधोमध उभा आहे आणि मरोळकर आजही तिथे मिस्सेसाठी जातात. 1896 मध्ये वांद्र्यातल्या किंवा मरोळमधल्या म्हाताऱ्या माणसांनी ही हकीकत आपल्या आईबापांकडून ऐकलेली असणार. साथ आली की गाव उठतं, हे त्यांना ठाऊक होतं. यावेळी गाव उठू द्यायचं नाही, या जिद्दीचा भाग त्या क्रुसांत आहे.

या प्रार्थनेतून मिळणारी शांती कशी होती, हे समजून घ्यायचं तर त्या काळात कुणाला काय ठाऊक होतं ते पाहायला हवं. अलेक्झांडर येर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे उलगडलेलं नव्हतं. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवला आणि तोही सर्वांना पटायला बरीच वर्षं गेली. म्हणजे मुंबईत चुना फासणारा अधिकारी आणि मेणबत्ती लावणारी बाई, दोघंही अंधारातच चाचपडत होते. फरक इतकाच, की सरकारी उपाय माणसांना एकमेकांपासून तोडत होता: आजारी एकीकडे, बायकामुलं दुसरीकडे, घराला कुलूप. क्रुसाभोवतीची सांज त्यांना एकत्र उभं करत होती. ख्रिस्ती श्रद्धेत क्रूस हे आधीच यातनेचं आणि मरणाचं चिन्ह आहे. त्यापुढे उभं राहणाऱ्याला आपलं दुःख लपवावं लागत नाही, देवानेही ते भोगलं आहे असं त्याला शिकवलेलं असतं. रोग टळेलच असं कुठलाही फादर छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. मेलेल्याला नावाने आठवणारं, जिवंताची विचारपूस करणारं कुणीतरी आहे, एवढी खात्री मात्र तिथे रोज संध्याकाळी मिळत होती.

आणि या श्रद्धेचं औषधाशी वैर नव्हतं. साथ ओळखणारे व्हिएगस स्वतः श्रद्धावान कॅथलिक कुटुंबातले. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. ती टोचली की माणूस मरतो, वांझ होतो, धर्म बुडतो, अशा वावड्या उठत होत्या. अशा वेळी व्हिएगस घरोघर फिरले. सुमारे 18,000 लोकांना त्यांनी लस टोचल्याचं सांगितलं जातं. 1906 मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मुंबईच्या प्लेग इस्पितळांत वेगवेगळ्या संघांच्या ननांनी शुश्रूषेचं काम केलं. संसर्गाच्या भीतीने जिथे पगारी माणसं टिकत नव्हती, तिथे त्या टिकल्या.

ख्रिस्ती श्रद्धेचा याच साथीतला एक वेगळा, अधिक बंडखोर चेहरा पुण्यात दिसला. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 अनाथ, उपाशी मुली आणि स्त्रिया सोडवून आणल्या. पुण्यातल्या शारदा सदनात त्यांना ठेवायचं तर प्लेगच्या नियमांमुळे नगरपालिकेने नवी माणसं आणायला बंदी केलेली. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेलं. तिथे ना इमारत, ना पुरेशी विहीर. सुरुवात झोपड्यांत आणि राहुट्यांत झाली. ‘मुक्ती’ ही संस्था अशी साथ आणि दुष्काळ यांच्या कात्रीतून जन्मली. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या छावणीत कशी वागणूक मिळाली, याबद्दल रमाबाईंनी 1897 च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात पत्र लिहून सरकारला जाब विचारला आणि तो प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. ज्या सरकारचा धर्म आणि आपला धर्म एकच, त्याच सरकारशी भांडायला त्या कचरल्या नाहीत. त्यांना श्रद्धेतून मिळालेली शांती गप्प बसवणारी नव्हती.

मुंबई शहरातही गावठाणांनी आपले क्रूस राखले. माझगावची माथारपाखाडी हे त्यातलं ठळक उदाहरण. लोकमान्यांचे स्नेही आणि वकील, पुढे 1925 मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा याच वस्तीतले. तिथल्या पवित्र क्रुसाच्या देवळीशी प्लेगची आठवण जोडलेली आहे. गिरगावात खोताच्या वाडीतल्या छोट्या प्रार्थनास्थळाचं नातंही त्याच काळाशी सांगतात. क्रॉस मैदानाला ज्याच्यावरून नाव पडलं तो पोर्तुगीज काळातला क्रूस याहून कितीतरी जुना. तिथे आज हात जोडणाऱ्यांत हिंदू, पारशी, ख्रिस्ती असे सगळेच असतात. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला जाणाऱ्या मराठी माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

प्लेग काही एका वर्षात गेला नाही. पुढची वीसेक वर्षं तो दर हिवाळ्यात डोकं वर काढत राहिला. देशभरात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले. तो ओसरला तरी क्रुसांभोवतीची रीत टिकली. 3 मे हा पवित्र क्रुसाचा जुना सण. त्या सुमारास पाखाडीतल्या क्रुसाला रंग लागतो, पताका लागतात, फुलांची आरास होते, लादाइन म्हटली जाते आणि चण्यांचे द्रोण फिरतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. लग्नाच्या आधी, नव्या घरात शिरताना, मुलगा परदेशी निघाला की क्रुसापाशी मेणबत्ती लावतात. साथीचा नवस होता तो वस्तीचा चव्हाटा झाला.

त्यावर पहिला घाव घातला तो शहराच्या वाढीने. प्लेगमुळेच 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढणं हे त्याचं काम. पुढे उपनगरंही तशीच कापली गेली. कौलारू घरांच्या जागी टॉवर आले, तेव्हा काही क्रूस नव्या सोसायटीच्या आवारात सरकले, काही भिंतीत चिणले गेले. 2017 च्या एप्रिलअखेरीस वांद्र्याच्या बाजार रोडवरचा शंभर वर्षांहून जुना क्रूस महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडला, तेव्हा मोठा क्षोभ उसळला. रस्त्यावरच्या धार्मिक बांधकामांबाबतच्या सरकारी धोरणात 1964 च्या आधीच्या बांधकामांना संरक्षण आहे, पण जुनेपणाचा पुरावा रहिवाशांनी द्यायचा असतो. ज्या क्रुसांवर साल कोरलेलं आहे त्यांचा पुरावा त्यांच्या अंगावरच आहे. ज्यांच्यावर नाही, किंवा आहे पण वर तैलरंगाचे दहा थर बसले आहेत, त्यांचं काय?

2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडविरुद्ध जो कायदा लागू केला तो 1897 चाच साथरोग कायदा होता. चर्चचे दरवाजे बंद झाले, मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली, मोत माऊलीची जत्रा रद्द झाली. वांद्र्यातल्या कित्येकांना त्या दिवसांत प्रथमच कळलं, की आपल्या कोपऱ्यावरचा क्रूस अशाच एका साथीत उभा राहिला होता. कायद्याचा मसुदा अभिलेखागारात नीट जपलेला आहे, क्रुसांची मात्र संपूर्ण यादी नाही.

ती व्हायला हवी, आणि तिला सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही. प्रत्येक धर्मग्रामाकडे तरुणांचे गट आहेत, प्रत्येक गावठाणात जुनी नावं सांगणारी माणसं अजून आहेत. क्रुसाचं ठिकाण, कोरलेला मजकूर, साल, कोणत्या भाषेत लिहिलंय, कोणत्या कुटुंबाने किंवा पाखाडीने उभारला, एवढं टिपून छायाचित्रासह धर्मग्रामात आणि एशियाटिक सोसायटीसारख्या ग्रंथालयात ठेवलं तरी पुरे. रंग देण्याआधी आणि नव्या टाइल्स बसवण्याआधी मूळ अक्षरं टिपून घ्या, एवढीच विनंती. येत्या 3 मेच्या सजावटीपासूनच या कामाला सुरुवात करता येईल.